जोर पहिल्या तुकड्यावर

डेझमंड विग्नल यांना शिव्या उत्तम येत होत्या. बाकीची भाषा मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी, दाढी करता करता गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला आणि चौऱ्याहत्तर वर्षं वापरलेले शब्द एका मिनिटात नाहीसे झाले. शिव्या मात्र मेंदूत दुसरीकडेच कुठंतरी ठेवलेल्या असतात, त्यांना सहसा धक्का लागत नाही. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाद्रीबाईंना ठाऊक नव्हतं. वॉर्डात फेरी मारताना त्यांनी डेझमंडना 'आज कसं वाटतंय?' असं प्रेमानं विचारलं आणि त्यांना जे उत्तर मिळालं त्यात उच्चाराची एकही चूक नव्हती.

मी डेनीस कॉटम. इंग्लंडमध्ये लँकाशरच्या किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटलात सव्वीस वर्षं स्पीच थेरपिस्ट आहे. ज्यांचं बोलणं गेलं त्यांना ते परत हुडकायला मदत करते. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण ते सांगू नये असं मला लेखी कळवण्यात आलं आहे.

डेझमंड गवंडी. गावाबाहेर ग्लॅसन रोडला त्यांनी स्वतःच्या हातानं बंगला बांधला होता, बैठा, एक मजली. बायको गेल्यापासून ते तिथं एकटेच राहत. त्यांना परत तिथं जायचं होतं. हे सांगायला त्यांना शब्दांची गरज नव्हती. व्हीलचेअर कुठल्याही दिशेला तोंड करून ठेवा, पाच मिनिटांत त्यांचा डावा हात ग्लॅसन रोडच्या बाजूला बोट दाखवत असे. एकदा एक्स-रे खोलीतून दाखवलं, तिथं खिडकीसुद्धा नाही. नंतर मी नकाशा काढून बघितलं. दिशा बरोबर होती.

आता आमच्या इंग्रजी भाषेची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचा सगळा तमाशा तिच्यावर उभा आहे. आम्ही दोन शब्द घेतो आणि एकमेकांना चिकटवतो. टूथ आणि ब्रश. रेन आणि कोट. ग्रीन आणि हाऊस. चिकटवले की एक नियम लागतो, जो कुणी कुणाला शिकवत नाही आणि विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. पहिला तुकडा ठासून म्हणायचा आणि दुसरा मागच्या मागे लोटून दिलेल्या दारासारखा सोडून द्यायचा. 'ग्रीन'वर जोर दिला तर टोमॅटो लावायची काचेची खोली. दोन्हीवर सारखा जोर दिला तर कुणीतरी हिरवा रंग फासलेलं घर. तीन वर्षांच्या पोराला हे न चुकता जमतं.

डेझमंडचे शब्द गेले होते, चाल गेली नव्हती. टूथब्रशचं चित्र दाखवलं की ते म्हणायचे, "डां-ड." पहिल्यावर जोर, दुसरा सोडलेला. छत्री दाखवली तर तीन ठोके आणि जोर मधल्यावर, जसा आमच्या 'अंब्रेला'ला असतो. गवंड्याच्याच भाषेत सांगायचं तर विटा चोरीला गेल्या होत्या, पण ओळंबा जागच्या जागी लटकत होता. ओळंबा असला की भिंत परत उभी करता येते. मी समोर बसायचे, त्यांचा डावा हात माझ्या हातात घ्यायचे आणि टेबलावर ठेका धरायचे: एक जड, एक हलका. त्या ठेक्यावर शब्द गुणगुणायचा. पन्नास वेळा, शंभर वेळा. सहाव्या आठवड्यात "टूथ-ब" आलं. आठव्यात टूथब्रश अख्खा आला, तेव्हा डेझमंड रडले आणि मग रडल्याबद्दल स्वतःलाच एक शिवी दिली.

हे असंच चाललं असतं. पण आमच्याकडे ज्युलियन फेअरक्लॉ आहेत.

ज्युलियन सेवा-व्यवस्थापक आहेत. वय अडतीस, याआधी सुपरमार्केटच्या एका साखळीत थंड मालाची वाहतूक बघायचे. त्यांनी एक समिती नेमली आणि समितीनं एक चाचणी काढली. तीस चित्रं, तीसही दोन तुकड्यांच्या शब्दांची. सगळे जोडशब्दच का, असं मी बैठकीत विचारलं होतं. ज्युलियन म्हणाले, "एका शब्दात दोन शब्द तपासून होतात, डेनीस. वेळ निम्मा." मी हसले. बाकी कुणी हसलं नाही. तेव्हा कळलं की तो विनोद नव्हता.

दोन्ही तुकडे आले आणि जोर जागेवर पडला तर एक गुण. तीसपैकी अठरा मिळाले तर माणूस घरी, घरी बारा आठवडे थेरपी आणि सकाळ-संध्याकाळ मदतनीस. अठराच्या खाली आले तर 'सुधारणेस मर्यादित वाव' असा शेरा आणि रवानगी लिंडेनहर्स्टला. लिंडेनहर्स्ट म्हणजे वृद्धाश्रम. अशा जागांना नेहमी झाडाझुडपांचीच नावं असतात. तिथं झाड एकच आहे, रिसेप्शनच्या काउंटरवर, आणि ते आठवड्यातून एकदा फडक्यानं पुसतात.

डेझमंडची मुलगी लोरेन शाळेच्या भोजनगृहात वाढपाचं काम करते. तिनं डाव उगारला की दीडशे पोरं गप्प बसतात. चाचणीबद्दल मी सांगितलं तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॅडना लिंडेनहर्स्टमध्ये टाकलंत तर आठ दिवसांत कुणाच्यातरी डोक्यात वीट घालतील ते."

"वीट कुठून आणतील तिथं?"

"भिंतीतून काढतील. भिंत कुठं कच्ची आहे ते त्यांना नुसतं बघून कळतं."

चाचणी बुधवारी सकाळी दहाला होती. देखरेखीला गुणवत्ता विभागाची हेझल टॉमलिन्सन. हेझल आणि मी एकाच वर्षी इथं लागलो. ती तेव्हा नर्स होती, चांगली नर्स होती. मग पाठ धरली आणि ती टॅबलेट घेऊन इतरांकडे बघायच्या कामाला लागली. तिनं सुरुवातीला नियम वाचून दाखवले, ते दोघींनाही पाठ होते. पेशंटला कसलाही संकेत द्यायचा नाही. शब्दाचा पहिला आवाज नाही, ओठांचा आकार नाही, हातवारे नाहीत, ठेका नाही. एकही संकेत गेला तर तेवढा शब्द नव्हे, अख्खी चाचणी रद्द. पुन्हा द्यायची तर सहा महिन्यांनी.

"समजलं का, मिस्टर विग्नल?" हेझलनं विचारलं.

डेझमंडनी मान हलवली. नवा शर्ट घातला होता. लोरेननं इस्त्री करून आणला होता, आणि ती बाहेर बाकावर बसून बिस्किटाच्या पुड्याचा कागद सोलत होती. पुडा उघडून झाला होता, ती नुसता कागदच सोलत होती.

पहिलं चित्र बटरफ्लाय. डेझमंडनी डोळे मिटले. "बटर," म्हणाले. थांबले. "फ्लाय." मग टूथब्रश, तो तर आमचा घरचाच. रेनकोट आला. हँडबॅग आली नाही, तिथं नुसतं "डां-ड" आलं, गुण गेला. फुटबॉल असा म्हणाले की बाहेरून लोरेनचा आवाज आला, "गोल!" हेझलनं दाराकडे बघितलं. कपबोर्ड आला, सनफ्लॉवर आला, न्यूजपेपर अर्धा आला. विटा वाहायच्या हातगाडीला आम्ही व्हीलबॅरो म्हणतो. ते चित्र समोर आल्यावर डेझमंड जरा हसले, चाळीस वर्षं ढकललेली वस्तू. आणि शब्द असा ठासून म्हणाले, जणू कुणीतरी ती वाटेतच उभी करून गेलं होतं आणि त्याला हाक मारायची होती. मी चेहरा दगडासारखा ठेवला होता. ओठ घट्ट मिटले होते. श्वासही मोजून घेत होते. तिसावं चित्र लाइटहाऊस. "लाइट," डेझमंड म्हणाले, आणि मग एखादी शेवटची वीट ठेवावी तसं सावकाश, "हाऊस."

एकवीस.

मी खुर्चीतून उठले. डेझमंडनी डावा अंगठा वर केला. आणि हेझल म्हणाली, "डेनीस, तुझं बोट."

मी बोटाकडे बघितलं. उजव्या हाताची तर्जनी टेबलावर होती. माझी नजर पडली तेव्हाही ती हलत होती. एक जड, एक हलका.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सातव्या शब्दापासून."

सव्वीस वर्षं ज्या बोटानं पोट भरलं ते बोट. तोंड मी शिवून घेतलं होतं, डोळे, भुवया, श्वास, सगळं बांधून ठेवलं होतं, आणि हे तेवढं सुटलं. शिंप्याचा पाय मशीन नसताना खुर्चीखाली हलत असतो, तसं. आमच्या धंद्यातला कुणीही ही चूक करेल. दुसऱ्या धंद्यातला माणूस ही करूच शकणार नाही.

"हेझल, ते चित्रांकडे बघत होते. माझ्या हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं."

"असेल."

"अर्ध्या वेळेला त्यांचे डोळे मिटलेले होते, बाई!"

"मिटलेल्या डोळ्यांनाही ऐकू येतं. टेबल लाकडी आहे."

"तुला खरंच वाटतं का की ते माझ्या बोटामुळे बोलले?"

हेझलनं टॅबलेट छातीशी धरला. "मला काय वाटतं असा रकाना नाहीये यात, डेनीस. संकेत दिला का, हो की नाही, एवढंच आहे. मी बघितलं ते लिहिलं." मग जरा थांबून म्हणाली, "चहा आणू का तुझ्यासाठी?"

आमच्याकडे एखाद्याचा गळा कापला की लगेच चहा विचारतात. मी नको म्हटलं. ती तरी घेऊन आली, साखर घालून. मी साखर सोडून अकरा वर्षं झाली, हे तिला माहीत आहे.

लोरेनला मी बाहेर बाकावरच सांगितलं. डेझमंडची व्हीलचेअर शेजारी होती. अंगठा अजून वरच होता.

"थांब," लोरेन म्हणाली. "एकवीस मिळाले."

"हो."

"अठरा लागतात."

"हो."

"आणि आता किती आहेत?"

"शून्य. चाचणी रद्द म्हणजे शून्य धरतात."

"का?"

"माझं बोट हललं."

लोरेननं माझ्या हाताकडे असं बघितलं की मी तो खिशात घातला. "दहा मिनिटं," ती म्हणाली. "दहा मिनिटं एक बोट गप्प ठेवता येत नाही तुला? पाच वर्षांच्या पोरांना मी हाताची घडी घालून रांगेत उभं करते गं! पाच वर्षांच्या!"

डेझमंडचा अंगठा खाली आला. ते एकच शब्द बोलले. तो इथं लिहिता येणार नाही, पण उच्चार स्पष्ट होता आणि जोर जिथं हवा तिथंच.

"मला म्हणालात का?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. आधी माझ्याकडे बोट दाखवलं. मग हेझल ज्या दारानं गेली त्या दाराकडे. मग छताकडे. वरच्या मजल्यावर ज्युलियनचं ऑफिस आहे.

मी त्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी गेले. ज्युलियननी दार उघडं ठेवलं होतं, म्हणजे आपलं दार सदैव उघडं असतं हे सिद्ध होतं, आणि मी आत गेल्यावर ते लावून घेतलं.

"डेनीस, सगळ्यात आधी सांगतो, मला अतिशय वाईट वाटतंय."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून काही करता येईल का?"

"मी तुमचा राग समजू शकतो."

"नाही हो. समजला असता तर तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला इतके निवांत बसला नसतात."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग पुढे वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "एक मार्ग आहे. बोटाची हालचाल जर आजारामुळे झाली असेल, समजा हाताला कंप आहे, तर तो संकेत ठरत नाही. तो विकार ठरतो. मग गुण ग्राह्य धरता येतील."

खोटं बोलायचं होतं. कंप असलेल्या थेरपिस्टला चाचणी घेऊ देत नाहीत, म्हणजे माझं अर्धं काम जाणार होतं. मी म्हटलं, "आहे मला कंप. फॉर्म द्या."

ज्युलियनचा चेहरा खुलला. "छान! मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला लागेल फक्त."

"कधी मिळेल?"

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "अकरा आठवड्यांनी तारीख आहे."

"डेझमंडचा बेड कधी सोडायचाय?"

"पुढच्या शुक्रवारी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच जरा लाजले. "लिंडेनहर्स्टला खोली धरून ठेवलीय त्यांच्यासाठी. समुद्राच्या बाजूची."

"कुणी सांगितलं धरायला?"

"प्रक्रियाच तशी आहे."

"त्यांना विचारलंत?"

"डेनीस," ज्युलियन एकदम हळुवार झाले, "त्यांना शून्य आहे. शून्यवाल्या पेशंटला विचारणार कसं?"

सव्वीस वर्षांत मी या इमारतीत आवाज चढवलेला नाही. तेव्हाही चढवला नाही. आवाज आपोआप उतरला, आणि तो इतका खाली गेला की ज्युलियनना पुढे वाकावं लागलं. "ते शून्य माझ्या बोटाचं आहे," मी म्हटलं. "त्यांच्या डोक्याचं नाही. माणसाला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचं असेल तर आधी तो स्वतःपुरतं ठरवू शकत नाही हे सिद्ध करावं लागतं. त्याचा वेगळा फॉर्म असतो. तुमच्या समितीचा नाही, कायद्याचा. काढा तो."

"त्याची गरज सहसा पडत नाही."

"सहसा लोक भांडत नाहीत म्हणून पडत नाही."

त्यांना तो फॉर्म सापडेना. मीच खाली जाऊन वॉर्डाच्या कपाटातून आणला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. वर छापलेल्या सूचना त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या. कुणी आपला निर्णय घेऊ शकत नाही असं आधीच धरून चालायचं नाही. आणि तसं ठरवण्याआधी त्या माणसाला बोलता यावं म्हणून शक्य ती सर्व मदत द्यायची. द्यायचीच.

"सर्व," मी म्हटलं. "परत वाचा."

"सर्व," ज्युलियननी परत वाचलं.

म्हणजे एकाच इमारतीत, एकाच माणसासाठी, एकाच टेबलावर, एका कागदानुसार बोट हलवलं तर गुन्हा होता आणि दुसऱ्यानुसार नाही हलवलं तर गुन्हा होता. पहिला कागद पाच महिन्यांपूर्वी थंड मालाच्या माणसानं काढला होता. सगळे त्या कागदालाच भीत होते.

सोमवारी बसलो. टेबल तेच. प्रश्न ज्युलियन विचारणार, साक्षीला हेझल, कारण साक्षीच्या कामाचं प्रशिक्षण तिचंच झालेलं. लोरेनला आत बसू दिलं, पण बोलायचं नाही या अटीवर. तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. मी डेझमंडचा डावा हात हातात घेतला आणि टेबलावर ठेका सुरू केला. बोटानं नाही, मुठीनं. हेझलचा पेन्सिलचा डबा उडत होता. तिनं तो उचलून मांडीवर घेतला.

"मिस्टर विग्नल," ज्युलियन म्हणाले, "आपण तुमच्या राहण्याबद्दल बोलतोय. लिंडेनहर्स्टमध्ये रात्रंदिवस नर्स असते. घरी नसते. हे समजतंय?"

डेझमंडनी मान हलवली.

"घरी तुम्ही पडलात तर? हा धोका आहे, बरं का. त्याचा विचार तुम्ही केलाय का, हे मला बघायचंय."

डेझमंडचा चेहरा लाल झाला. शिवी वर येत होती, मला त्यांच्या बोटांतून कळत होतं. ती त्यांनी गिळली. मी ठेका धरून राहिले. "प," ते म्हणाले. पुन्हा "प". ज्युलियननी घड्याळाकडे बघितलं आणि लोरेननं ज्युलियनकडे, तेव्हा त्यांनी घड्याळावरची नजर काढली.

"पड-लो," डेझमंड म्हणाले. मी थांबले नाही. "इथं. पड-लो."

आणि त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेऊन दोन बोटं वर केली, हाताची पाठ ज्युलियनकडे करून. आमच्याकडे ती शिवी होते, साहेबांना दोन बोटं तशी दाखवत नाहीत. लोरेनच्या नाकातून एक आवाज आला.

"काय म्हणायचंय त्यांना?" ज्युलियननी मला विचारलं.

"त्यांना विचारा."

पण उत्तर हेझलनं दिलं. ती टॅबलेटमध्ये मागे मागे जात होती. "वॉर्डात दोनदा पडलेत ते," ती म्हणाली. "नऊ एप्रिलला बाथरूममध्ये आणि सतरा मेला बेडवरून. दोन्ही वेळा नर्स होती." मग तिनं लिहिलं आणि लिहिताना वाचूनही दाखवलं: "पेशंटने हाताने 'दोन' असे दर्शवले."

ज्युलियननी फॉर्मचं पान उलटलं. "ठीक आहे. मग शेवटचा प्रश्न. तुम्हाला कुठं राहायचंय, आणि का?"

'कुठं'ला शब्द लागलाच नाही, हात खिडकीकडे गेला. 'का'ला वेळ लागला. डेझमंडच्या कपाळावर घाम आला. मी मूठ आपटत राहिले, माझं मनगट दुसऱ्या दिवशी सुजलं. अखेर ते म्हणाले, "मी." खूप वेळानं, ज्युलियनच्या डोळ्यात डोळे घालून, टेबलावर स्वतःच्या मुठीचा एक ठोका मारून, "बांधलं."

ज्युलियननी खूण केली. निर्णय घेण्यास सक्षम. दुसरी कुठली खूण करायला त्या फॉर्मवर आता जागाच उरली नव्हती.

डेझमंड शुक्रवारी घरी गेले. त्यांना न्यायला लोरेननं शाळेची गाडी मागून आणली होती. दारातच ज्युलियननी दोघांचं अभिनंदन केलं आणि एक पाकीट दिलं. लोरेननं ते गाडीत बसून उघडलं, काच खाली केली आणि मला हाक मारली. "डेनीस, हे काय आहे गं?"

मला माहीत होतं काय असणार. घरी जायचा हक्क कायद्यानं मिळाला होता. घरची थेरपी आणि मदतनीस ज्युलियनच्या चाचणीवर मिळायचे, आणि तिथं शून्यच होतं. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा, असं पत्रात म्हटलं होतं. झटका आल्यावर पहिले सहा महिनेच काय ते असतात. नंतर मेंदू सिमेंटसारखा धरत जातो. हे मला ठाऊक आहे, हेझलला ठाऊक आहे, समितीत बसलेल्या दोन्ही डॉक्टरांना ठाऊक आहे. पत्राच्या शेवटी 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं होतं.

"म्हणजे घर देतात आणि तोंड काढून घेतात," लोरेन म्हणाली. डेझमंडनी ते पत्र तिच्याकडून घेतलं, एका हाताला जमेल तसं चुरगळलं आणि काचेतून ज्युलियनच्या पायाशी टाकलं. ज्युलियननी ते उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकलं. कागदाच्या पेटीत. त्यांना अशा बाबतीत चुकलेलं चालत नाही.

दोन आठवड्यांनी आम्हा सगळ्यांना एक परिपत्रक आलं. यापुढे चाचणी घेताना थेरपिस्टनी दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसावं. खाली सही करायची होती. मी हात मांडीखाली ठेवले आणि सही कशी करायची ते विचारायला कागद परत पाठवला. उत्तर आलेलं नाही.

आणि शनिवारी मी ग्लॅसन रोडला जाते. सोडलेल्या पेशंटवर खाजगीत उपचार करायला आम्हाला मनाई आहे. नोकरी जाऊ शकते. लोरेन दुपारच्या जेवणाला चीज आणि कांद्याचं सारण भरून भाजलेला 'पाय' ठेवते आणि विचारलं तर मी जेवायला येते असं सांगायचं ठरलंय. सहा शनिवार झाले. आठवड्यातून तीनदाचं काम एकदात होत नाही. जुने शब्द टिकलेत, नवा आठवड्याला एखादा येतो, कधी तोही येत नाही.

गेल्या शनिवारी गाडी लावत होते तर काचेवर टकटक झालं. हेझल. कुत्र्याला फिरवत होती. ती तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहते, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मागच्या सीटवर चित्रांची कार्डं पसरलेली होती. तिनं ती बघितली. डेझमंडच्या दाराकडे बघितलं.

मी काच खाली केली. "लिही," म्हटलं. "टॅबलेट नसेल तर कागद देते."

हेझलनं कुत्र्याला जवळ ओढलं. "शनिवारी मला काही दिसत नाही, डेनीस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिचे आभार मानावेत असं तिला वाटत असावं.

मी मानले नाहीत. ज्या बाईला शनिवारी दिसत नाही तिला एका बुधवारी सकाळी दहाला दिसलं नसतं तर एका माणसाला बारा आठवडे मिळाले असते, हे तिला तिथंच तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा मी ड्यूटीवर होते." मी म्हटलं, "मीसुद्धा." मग ती कुत्र्याला घेऊन गेली, आणि कुत्र्यानं जाता जाता माझ्या टायरवर आपलं मत नोंदवलं.

काच वर केली, कार्डं गोळा केली. डेझमंड काठी टेकून दारात उभे होते. मला सात मिनिटं उशीर झाला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आज माझं काही खरं नाही.